पुढच्या ब्रेकची तात्पुरती व्यवस्था

उपअभियंत्यांनी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार सर्वार्थाने पूर्ण झाली होती. फक्त पुढच्या चाकांच्या ब्रेकचा निर्णय प्रलंबित होता. सांगाडा त्यांनी स्वतः वेल्ड केला, इंजिन एका ठोकलेल्या गाडीतून काढलं आणि लाल पत्रा ठोकून ठोकून असा वळवला की शेजाऱ्यांची दुपारची झोप कायमची उडाली. मागचे ब्रेक मागच्या ॲक्सलसोबत आयतेच आले होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणाला काही ठरवावं लागलं नाही. पुढचे मात्र निवडायचे होते. घोडं तिथेच अडलं.

उपअभियंते रस्ते खात्याच्या गतिरोधक विभागात होते. लोकांच्या गाड्या थांबवण्यात उभी हयात गेली होती. पण ते काम फाइलवर चालायचं, आणि फाइलवर बऱ्याच सह्या असायच्या. खात्यात त्यांनी एकच गोष्ट मन लावून आत्मसात केली होती: निर्णय समितीने घ्यावा, कारण समितीला कोणी निलंबित करू शकत नाही.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिला या गाडीतून शाळेत सोडायचं ठरलं होतं. मग कॉलेजात सोडायचं ठरलं. आता ती नोकरीसाठी दूर देशी निघाली होती, आणि विमानतळावर तरी याच गाडीतून सोडायचं, असं बापलेकीचं पक्कं झालं होतं. ती फारसं बोलायची नाही. पण रोज गॅरेजमध्ये डोकावून जायची, आणि ते उपअभियंत्यांना आतल्या आत टोचायचं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दोन प्रकार समोर ठेवले होते. एक, साध्या घरगुती गाडीचे. दुसरे, शर्यतीच्या गाडीचे, भल्यामोठ्या चकत्यांचे, चकत्यांना भोकंच भोकं.

"दोन्ही ब्रेक नीट लागतात साहेब," तो म्हणाला होता. "कुठलेही घ्या."

'कुठलेही' हा शब्द शासकीय नव्हता. उपअभियंत्यांनी घरी समिती नेमली.

अध्यक्षपद मेहुण्याकडे गेलं. त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्याचं मत निःपक्षपाती ठरलं. तज्ज्ञ म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य आले. त्यांची स्वतःची गाडी कधीही कोणावर आदळलेली नव्हती, कारण ते ती बाहेर काढत नसत. चहा करणं ओघानेच आल्यामुळे पत्नी सदस्य-सचिव झाली. मुलीचा अर्ज मात्र फेटाळण्यात आला. ती गाडीत बसणार असल्यामुळे तिचे हितसंबंध गुंतलेले होते.

"भाऊजी, घ्यायचे तर मोठेच घ्या," मेहुणा म्हणाला. "ब्रेकमध्ये काटकसर नको."

मोठे ब्रेक कागदावरच चाकात मावेनात. म्हणून मोठी चाकं सुचवली गेली. मोठी चाकं मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड रुंद करण्याची शिफारस झाली. तेवढ्या रुंद मडगार्डची गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर येईना, तेव्हा दाराचा विषय भिंतीच्या उपसमितीकडे गेला. उपसमितीतही हेच तिघं होते, पण बसायला खुर्च्या वेगळ्या घेतल्या.

"मुळात ब्रेक म्हणजे चावणं," दंतवैद्य म्हणाले. "चकतीला दोन्ही बाजूंनी धरायचं. हिरड्या मजबूत हव्यात."

"अहो, ते साधे बसवून टाका ना," पत्नी म्हणाली.

"बसवीन. पण उद्या काही झालं आणि कोणी विचारलं, हे निवडले कोणी, तर?"

"तर तुम्ही!"

"तेच तर," उपअभियंते हताशपणे म्हणाले.

तेवढ्यात दंतवैद्यांना एक शंका आली. गॅरेजची फरशी फाटकाकडे उतरती होती. निर्णय होईपर्यंत गाडी आपोआप सुटली तर? समिती गंभीर झाली. आणि या एका बाबतीत मात्र उपअभियंत्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांनी गॅरेजच्या दारातच खात्याच्या मापाचा गतिरोधक घातला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांसकट. व्यवस्था तात्पुरती होती, म्हणून सिमेंटची केली.

"बाबा, हा कधी काढायचा?" मुलीने विचारलं.

"ब्रेक बसले की लगेच."

मुलगी बापाची होती, पण खात्याची नव्हती. जायच्या आदल्या आठवड्यात, उपअभियंते कचेरीत असताना, तिने गॅरेजवाल्याला बोलावलं आणि साधे ब्रेक बसवून घेतले. निघायच्या सकाळी समिती निरोपाला जमली तेव्हा तिने बॅग गाडीत टाकली आणि किल्ली बापाच्या हातात दिली.

"ब्रेक बसलेत, बाबा. लागतात. चला."

"कोणाच्या मंजुरीने?" मेहुण्याने विचारलं.

"मामा, माझं विमान आहे."

"ते ठीक आहे गं, पण साधेच बसवायचे होते तर आम्ही इतकी वर्षं बसलो कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. उपअभियंत्यांनी लाल पत्र्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणालाही न विचारता, ते गाडीत जाऊन बसले. ती शेजारी बसली. इंजिन असं गरजलं की दंतवैद्यांनी कवळी सावरली. उपअभियंत्यांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. गाडी पुढे निघाली.

समोर पिवळे-काळे पट्टे दिसले, आणि सवयीने त्यांचा पाय ब्रेकवर पडला.

गाडी जागच्या जागी थांबली. ना घसरली, ना कुरकुरली. टाळ्या पडल्या.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "मला साधेच पसंत होते."

स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नव्हतं. गतिरोधक चांगला वीतभर उंच होता, आणि मन लावून घातलेला होता. मुलगी उतरली, कोपऱ्यातला घण उचलून आणला आणि बापापुढे धरला.

"तुम्ही घातलाय, तुम्हीच फोडा. पाच मिनिटांचं काम आहे."

उपअभियंत्यांनी घण हातात घेतला. उगारला. आणि मान वळवून समितीकडे पाहिलं.

"माझी हरकत नाही," मेहुणा म्हणाला, "पण विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

मुलीने बापाच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. तिला राग आला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. तिने बॅग काढली, त्यांच्या गळ्यात पडली आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीचे ब्रेक गल्लीच्या तोंडापासून किंचाळत आले. बॅग डिकीत ठेवताना उपअभियंत्यांना राहवलं नाही.

"पुढचे ब्रेक कुठले आहेत हो?"

"आहेत ना साहेब," टॅक्सीवाला म्हणाला, आणि तिला घेऊन गेला.

उपअभियंते हातात घण घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्यांना रडू आलं, आणि त्यासाठी कोणाची मंजुरी लागली नाही.

गतिरोधक काढण्याबाबतची समिती त्याच संध्याकाळी स्थापन झाली. पत्नीने चहा करायला आणि बसायला साफ नकार दिल्यामुळे एक जागा रिकामी आहे. अटी सोप्या आहेत: सदस्याचे हात कामाने काळे झालेले नसावेत, तो या गाडीत कधी बसणार नसावा, आणि तरीही काय करायला हवं होतं हे त्याला पक्कं ठाऊक असावं. तुम्ही मघापासून हातावर हात ठेवून वाचत आहात आणि 'अरे, फोड ना एकदाचा!' असं मनात म्हणूनही झालं आहे. तुमची निवड एकमताने झाली आहे. खुर्ची घ्या.