आप्पांची पिवळी वायर

आमच्या परभणीच्या कॉलेजात प्राचार्यांना तोंडावर ‘न्हाई’ म्हणणारा एकच माणूस होता, आणि तोही एका वायरीपायी.

शिवलिंगआप्पा कॉलेजचं नेटवर्क सांभाळत. मी शेजारच्या ऑफिसातला कारकून. प्रत्येक मजल्यावर स्विच नावाची पेटी. तिच्यातून निळ्या वायरी खोल्याखोल्यांत गेलेल्या. सगळ्यांचं इंटरनेट त्यांच्यातून धावायचं. पण प्रत्येक पेटीतून एक पिवळी वायर वेगळी निघून थेट आप्पांच्या टेबलापाशी यायची. तिच्यावरून आप्पा फक्त पेट्यांना हुकूम सोडत. “लोकाची वाट अलग, हुकमाची वाट अलग,” हे ते चहावाल्यालाही समजावत. सोमवारी कपाळाला भस्म लावलं की तेच बोट पेटीच्या कपाटालाही लागे.

एकदा प्राचार्य कॉम्प्युटरवर बघत असलेला क्रिकेटचा सामना अडखळायला लागला.

“आप्पा, तुमची पिवळी रिकामीच पडलेली असते. मला द्या की.”

“न्हाई साहेब. रिकामी हाय म्हणूनच ती कामाची.”

आम्ही लय हसलो होतो.

मग ऑनलाइन परीक्षेचा दिवस आला. पेपर रंगात आला आणि सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी थिजले. पोरं रडकुंडीला आली, प्राचार्य जिने चढ-उतर करू लागले. आप्पांनी शांतपणे पिवळी वायर लॅपटॉपला लावली. अख्खं कॉलेज मुकं, आणि त्यांच्या पडद्यावर एकेक पेटी जबाब द्यायला लागली!

“हे बघा,” ते मला हळूच म्हणाले, “ग्रंथालयाच्या पेटीत एकाच वायरीची दोन्ही टोकं खोचलीत कुणीतरी. तीच माहिती त्यात गरागरा फिरायलीय. बाकीच्याला वाटच न्हाई.”

त्यांनी तिथूनच ती दोन्ही भोकं बंद केली. लॅबमधून ओरडा आला, “चालू झालं!”

आम्ही दोघं ग्रंथालयात गेलो. रोजंदारीवर झाडलोट करणाऱ्या सुमनबाई झाडू धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“टोक लोंबत व्हतं, आप्पा. सुटलं आसंल म्हनून खोचलं.”

तेवढ्यात मागून प्राचार्य आले. “कुणाचा उद्योग हा? आज घरीच पाठवतो त्याला!”

आप्पा पुढे झाले. “माझंच चुकलं साहेब. टोक मीच मोकळं सोडलं होतं.”

ज्यांनी परीक्षा वाचवली त्यांनी सगळ्यांदेखत मान खाली घालून बोलणी खाल्ली. प्राचार्य गेल्यावर मी तणतणलो.

“जाऊ द्या हो,” आप्पा म्हणाले. “मला बोलतील अन् इसरतील. बाईला दुसरं काम कुठं हाय?”

आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते जेवायचे ते एकटेच, दार लावून. त्या दुपारी मात्र ते डबा घेऊन ग्रंथालयात गेले. सुमनबाईंनी घासही घेतला नव्हता.

“भाकरीसंगं माझ्या हातचं कोरड्यास हाय,” डबा उघडत आप्पा म्हणाले. “लय तिखट झालंय. एकट्याच्यानं सरायचं न्हाई. घ्या.”