मतं साभार परत

त्या दूरच्या देशातली अध्यक्षपदाची निवडणूक इतकी अटीतटीची झाली, की बाहेरच्या लोकांनी तिच्याबद्दल दिलेली मतं ठेवायला तिथे जागाच उरली नाही, आणि दिवाळीनंतरच्या मंगळवारी ती ज्याची त्याला घरपोच परत करण्यात आली.

मत म्हणजे इथे पेटीत टाकायचं मत नव्हे. ते टाकायचा अधिकार करमाळ्यात कुणालाच नव्हता. नव्हता म्हणूनच दुसऱ्या प्रकारची मतं लोकांनी सढळ हाताने दिली होती. ती टेम्पोने आली, आणि सुतार गल्लीत गंगाधर शेटे यांच्या एकट्याच्या घरी टेम्पोला दोन खेपा कराव्या लागल्या.

गंगाधर शेटे हे एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. गाडी कधी येणार, या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, "येईलच आता." मग ती गाडी घाटात बंद पडलेली असो, नाहीतर मुळात सुटलेलीच नसो. प्रवाशाला आधी उत्तर लागतं, गाडी नंतर लागते, असं त्यांचं तत्त्व होतं. "माहीत नाही" हे शब्द त्या खिडकीतून कधीच बाहेर पडले नाहीत. तसे ते आपल्याकडे कुठल्याच खिडकीतून पडत नाहीत. परक्या गावात पत्ता विचारून पाहा, ज्याला ठाऊक नाही तोही तुम्हाला डावीकडे वळवल्याशिवाय सोडणार नाही.

निवृत्तीनंतर शेटे रऊफ तांबोळी यांच्या घड्याळाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसू लागले आणि त्या देशाचा कारभार बघू लागले. दोन्ही उमेदवारांची नावं उच्चारायला अवघड होती, म्हणून एक टोपीवाला आणि एक चष्मेवाला. शेटे चष्मेवाल्याचे. रऊफभाई टोपीवाल्याचे. यावरून दोघांचं इतकं बिनसलं की बाकाच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये फक्त पेपर. बोलणं बंद. पेपर मात्र दोघांना एकच पुरत असे.

मतं दिसायला गुळाच्या ढेपेसारखी होती, रंगाने करडी. वजनाचं गणित उलटं होतं. ज्या मताच्या बुडाशी माहिती कमी, ते मत जड. हात लागला की ते देणाऱ्याच्याच आवाजात बोलायचं. हमालाने पाठीवरची पहिली ढेप उतरवली तेव्हा ती म्हणाली, "तिथल्या शेतकऱ्याच्या मनात काय हाय ते मला विचारा."

"बरोबर बोलतंय," शेटे कौतुकाने म्हणाले.

माल सोपवायला परतावा निरीक्षक वनिता कोष्टी जातीने हजर होत्या. त्या देशाने त्यांना तालुक्यासाठी नेमलं होतं. "आपली मतं आपल्याला मिळाली. इथं सही करा," त्या म्हणाल्या.

"तांबोळींची किती आली?"

"एकाच्या मतांची माहिती आम्ही दुसऱ्याला देत नाही."

पण हमालाने हळूच सांगितलं, तांबोळींकडे एकच खेप झाली. शेट्यांनी हमालाला चहा पाजला, वर बिस्किटंही दिली.

घरात रिकामी अशी एक मागचीच खोली होती. तीत शेट्यांनी सगळी मतं छतापर्यंत रचून घेतली. महानंदाबाई गिरणीतून दळण घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आतून नवऱ्याचा आवाज येत होता आणि नवरा तर शेजारी उभा होता.

"आवं, ही खोली मी कुणासाठी रंगवून घेतली?"

"स्नेहलसाठी."

"मग ह्यात तुमची मतं काय करत्यात?"

"आंतरराष्ट्रीय हायत ती. ओट्यावर कशी ठेवायची?"

महानंदाबाईंनी डोक्यावरचा डबा खाली ठेवला. "पोरगी रविवारी येतीय. पहिलं बाळंतपण हाय. तिची सासू दोनदा फोनवर म्हणली, आमच्याकडं जागा भरपूर हाय म्हणून. खोली रिकामी नसंल तर मी पोरीला दारातनं उलटी धाडीन. सांगून ठेवते."

आता शेटे घाबरले. ही बाई बोलली की करते, हा त्यांचा जुना अनुभव. आणि स्नेहल यावी, नातवंडाचं पहिलं रडणं आपल्याच घरात ऐकू यावं, याची त्यांना किती आस होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माळ्यावरचा पाळणा काढून, पुसून, त्याच्या कड्यांना तेल घालून ते मोकळे झाले होते. सातव्या महिन्यातच.

त्यांनी चार ढेपा सायकलवर बांधल्या आणि गावाबाहेरच्या खाणीत टाकून आले. येऊन बघतात तर चारही पायरीवर, एकमेकींना दुजोरा देत बसलेल्या. भंगारवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, मतं घेत न्हाई. माझीच ताडपत्रीखाली पडल्यात." वाचनालयाला देणगी म्हणून देऊ केली, तर वाचनालयाने आदरपूर्वक कळवलं, की सभासदांच्या मतांमुळे आधीच पुस्तकं व्हरांड्यात काढावी लागली आहेत.

शेवटी शेटे कोष्टीबाईंकडे गेले.

"विल्हेवाट लावता येते," कोष्टीबाई म्हणाल्या. "मालकानं मतावर हात ठेवायचा आणि मनापासून म्हणायचं, 'मला माहीत नाही.' मत विरघळतं."

"बास? एवढंच?"

"एवढंच. फक्त पुढं 'पण' लावायचा नाही. 'मला माहीत नाही, पण' असं म्हटलं की वजन दुप्पट होतं. आमच्याकडं बहुतेक तक्रारी 'पण'च्याच आहेत."

शेटे घरी आले, हात-पाय धुतले आणि एका बेताच्या ढेपेवर हात ठेवला. "मला," ते म्हणाले. खाकरले. "मला माहीत…" तोंडातून आपोआप निघालं, "येईलच आता." ढेप ढिम्म. त्यांनी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. "मला माहीत नाही, पण एक सांगतो…"

ढेप टरारून फुगली आणि तिने बाळंतिणीसाठी आणलेली नवी शेगडी कोपऱ्यात ढकलली.

"लावला का 'पण'?" स्वयंपाकघरातून महानंदाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफभाई दारात आले. दाढी वाढलेली. त्यांच्या घरात मतांमुळे पलंग उरला नव्हता, उरलेली मतं दुकानात आणून ठेवावी लागली होती आणि ते तिथेच काउंटरखाली झोपत होते.

"कंट्रोलर," ते म्हणाले, "तुमचं तुम्हाला म्हणवत न्हाई, माझं मला म्हणवत न्हाई. आपण एकमेकांचं म्हणून टाकू."

शेट्यांना ही कल्पना पसंत पडली. कोष्टीबाईंना साक्षीला बोलावलं. आधी रऊफभाईंकडे जाऊन शेट्यांनी त्यांच्या सगळ्यात मोठ्या मतावर हात ठेवला आणि न अडखळता, खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्याला काही माहीत नाही." म्हणताना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. मग इकडे येऊन रऊफभाईंनी शेट्यांच्या मतांवरून हात फिरवत तेच म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मतं मात्र तसूभरही हलली नाहीत.

"दोघांच्याही मनापासूनपणाबद्दल शंका नाही," कोष्टीबाई म्हणाल्या. "पण ज्याचं मत, अज्ञानही त्याचंच लागतं."

उपाय फसला, पण बोलणं सुरू झालं. चहा झाला. मग रऊफभाईंनी शेट्यांना सोपे सोपे प्रश्न विचारून सवय लावायची, आणि शेट्यांनी रऊफभाईंना, असं ठरलं.

"त्या देशात भुईमूग होतो का वो?"

शेट्यांनी एका ढेपेवर हात ठेवला, ओठ आवळले. नाकातून श्वास सोडला. "मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिथल्या शेतकऱ्याचं मन ओळखणारी ढेप पाण्यात पडलेल्या बत्ताशासारखी विरघळली. जमिनीवर डागसुद्धा राहिला नाही. शेट्यांना दाढ काढल्यासारखं वाटलं. मोकळं झालं होतं, तरी जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

असं करत शनिवारपर्यंत खोली मोकळी होत आली. तिथल्या बायकांच्या मनात काय आहे, कोर्ट काय म्हणेल, फौज कुणाची बाजू घेईल, सगळं गेलं. राहिलं एकच. ते खोलीच्या मधोमध, धान्याच्या कोठीएवढं. त्याला हात लावला की ते म्हणायचं, "चष्मेवालाच. शंभर टक्के."

यावर काही केल्या शेट्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तिकडे मोजणी अजून चालूच होती. एक दिवस चष्मेवाला चिमूटभर पुढे, दुसऱ्या दिवशी टोपीवाला. निकाल लागायच्या आत हात झटकणं म्हणजे पळून जाणं, असं शेट्यांचं म्हणणं. रऊफभाईंच्या दुकानातही तसंच एक उरलं होतं आणि गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून घड्याळं देत होती. त्या दोन मतांचा विषय दोघेही काढत नव्हते.

"एकच तर हाय," शेटे बायकोला म्हणाले. "त्याच्या बाजूनं खाट बसंल."

"बाळ जन्मल्या जन्मल्या 'शंभर टक्के' ऐकणार?" महानंदाबाई म्हणाल्या. "जमायचं न्हाई."

रविवारी स्नेहल आली. महानंदाबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याने डोळे पुसले, पोरीला आत घेतलं. मग मागे वळून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बॅग उतरवू नको. थांब जरा." शेट्यांनी ते ऐकलं.

स्नेहल सरळ मागच्या खोलीत गेली. प्रवासाने पाय सुजले होते. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती त्या मतावरच टेकली.

"चष्मेवालाच," ते म्हणालं.

"बाबा, हे तुमचं?"

"हो."

"आमच्यात ह्यांची दोनच आली. गाडीच्या डिकीत मावली." ती थोडं हसली. मग हसू गेलं. दोन्ही हात पोटावर ठेवून ती म्हणाली, "डॉक्टर म्हणल्या, बाळ आडवं हाय अजून. बाबा, सगळं नीट होईल ना?"

शेट्यांनी तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं.

"'होईलच आता' म्हणू नका," स्नेहल म्हणाली. "शाळा सुटल्यावर मी तुमच्या खिडकीमागं बसायची. तुमचं उत्तर ऐकून लोक बाकावर जाऊन बसायचे. गाडी न्हाईच म्हणून तुम्हाला ठाऊक असायचं, मला ठाऊक असायचं, आणि ते बसून राहायचे. मला खरं सांगा."

बाहेर रिक्षाचं इंजिन चालू होतं. शेटे लेकीशेजारी बसायला गेले. गुडघा दुखला, म्हणून आधारासाठी त्यांनी मतावर हात टेकला. कशावर हात टेकलाय हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले.

'पण' ओठांपर्यंत आला. मोठा, चांगला, धीर देणारा 'पण' होता. शेट्यांनी तो गिळला. घशाला ओरखडा काढून तो खाली गेला.

"मलाबी भ्या वाटतंय," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

खालचं मत पुटपुटू लागलं. "शंभर टक्के," ते म्हणालं. मग, "ऐंशी." मग, "साठेक." दोघं बापलेक हळूहळू खाली उतरू लागले, मळलेल्या कणकेवर बसल्यासारखे, कुठेही धक्का न बसता. "निम्मं-निम्मं," मत म्हणालं. अगदी फरशीजवळ आल्यावर ते अस्पष्ट आवाजात म्हणालं, "बघू," आणि संपलं.

दोघं जमिनीवर बसले होते. स्नेहल रडत होती आणि हसतही होती. शेट्यांना फरशीचा गारवा चांगला वाटला.

महानंदाबाई दारात आल्या. त्यांनी खोलीचे चारी कोपरे पाहिले, त्या दोघांकडे पाहिलं आणि बाहेर हाक मारली, "बॅग उतरव रे. आणि ओसरीवरची खाट आत घ्यायचीय, जरा हात लाव."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. बॅग आणून ठेवली. खाटेला हात घालता घालता त्याचं लक्ष भिंतीशी पडलेल्या पेपरकडे गेलं. "काका," त्याने विचारलं, "तिकडं शेवटी कोण येतंय वो?"

शेट्यांनी तोंड उघडलं. महानंदाबाई थांबल्या. स्नेहलनेही डोळे पुसायचे थांबवले.

"खाटेची ती बाजू धर," शेटे म्हणाले.