शंभरात नसलेलं शहर

आदर्शरावांच्या संसारातलं पहिलं वादळ एका पुस्तकाच्या पोटातून निघालं. पुस्तक गुळगुळीत आणि जाडजूड, नाव 'जगातली पाहिलीच पाहिजेत अशी शंभर शहरं'. बायकोने ते वाचनालयातून आणलं, नवव्या शहराच्या पानात खुणेला बसचं तिकीट घातलं आणि चहाचा कप पुढे ठेवत, जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाली, "लग्नाला वर्ष होत आलं. इथे जाऊ या?"

(आदर्शराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. ते नगररचना खात्यात नकाशे काढत, आणि नकाशातलं झाड रस्त्यावर दिसलं नाही की वरिष्ठांना जाब विचारत. म्हणून कचेरीने प्रेमाने, म्हणजे वैतागाने, हे नाव ठेवलं. हळूहळू ते घरापर्यंत आलं. सासूबाईसुद्धा एकदा बोलून गेल्या आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या.)

नववं पान उघडायचं सोडून आदर्शरावांनी जाड भिंगांचा चष्मा सावरत अनुक्रमणिका उघडली. घोटाळा झाला तो इथेच. त्यांनी एकापासून शंभरापर्यंत बोट फिरवलं. मग शंभरापासून एकापर्यंत.

"आपलं शहर नाही यात."

"नसेल."

"नसेल काय? अगं, अठ्ठ्याऐंशीव्या शहरात म्हणे संध्याकाळचा उजेड सुंदर पडतो! आपल्याकडे काय संध्याकाळी अंधार असतो?"

"असतो. लाइट जातो ना."

"तो मुद्दा वेगळा!" आदर्शराव उठून उभे राहिले. (बसून त्यांना पटवून देता येत नाही.) "शहर म्हणजे काय परीक्षेला बसलेलं पोर आहे, नंबर काढायला? दोन दिवस हॉटेलात लोळायचं, एका पुलावर फोटो काढायचा आणि म्हणे नववं! तिथे म्हातारीला बसमध्ये कुणी उठून जागा देतं का, ते लिहिलंय? अनोळखी माणसाने पत्ता विचारला तर लोक बोट दाखवतात की कोपऱ्यापर्यंत सोबत येतात, ते लिहिलंय? ज्याने हे नंबर दिले त्याने तिथे एकदा तरी रेशनकार्डावरचा पत्ता बदलून पाहावा!"

यातलं काहीच खोटं नव्हतं, पंचाईत तीच होती. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याला बायको गप्प करू शकते. खरं बोलणाऱ्याला आवरणार कोण?

"ठरलं," आदर्शराव म्हणाले. "आपण आपलंच शहर पाहायचं. अगदी पाहुण्यासारखं. चार दिवस रजा, मुक्काम हॉटेलात, घरी पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मग तूच सांग कुठलं शहर कितवं ते."

बायको श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासायची, त्यामुळे समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तिला सवय होती. बंद झालेल्या नवव्या पानाकडे तिने एकदा पाहिलं.

"चारही दिवस तू माझ्याबरोबर?"

"चारही दिवस."

"शब्द?"

"शब्द!"

"चल मग," ती म्हणाली. तिला शहरापेक्षा हा शब्दच हवा होता, हे आदर्शरावांना कळलं नाही. ते तोवर सामान भरायला लागले होते.

खोटं बोलणं तत्त्वात बसत नसल्याने त्यांनी सगळीकडे एवढंच सांगितलं, "शहर पाहायला चाललोय." सासूबाईंनी नवव्या पानावरचे फोटो आधीच पाहिले होते. त्या निघायच्या आदल्या दिवशी दोन जाड स्वेटर घेऊन हजर झाल्या. "तिकडे वारा बोचरा असतो, जावईबापू." आता खरं सांगावं तर सासूबाई दुखावणार आणि खोटं बोलावं तर तत्त्व. आदर्शरावांनी नुसती मान हलवली. मानेचं तत्त्व अजून ठरलेलं नव्हतं.

हॉटेलच्या मॅनेजरने वही पुढे ओढली. "कुठून आलात?"

"इथूनच."

"इथून म्हणजे?"

"ती समोरची पाण्याची टाकी दिसते ना? तिच्या मागून."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "घरी पाणी नाही का?"

"आहे."

"रंगकाम काढलंय?"

"नाही हो. पर्यटन."

मॅनेजरने किल्ली दिली, पण बायकोच्या हातात. आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, काही वाटलं तर खाली बेल आहे."

पहिली सकाळ सुरेख गेली, अगदी खरं सांगायचं तर सकाळचा पहिला तुकडा. आदर्शरावांनी बायकोला घड्याळाच्या मनोऱ्यावर नेलं. खाली छपरांवर ऊन पसरलं होतं. कुठला रस्ता पूर्वी ओढा होता, कुठल्या गल्लीने एका झाडासाठी वळण घेतलं, हे ते असं सांगत होते की बायको कठड्यावर कोपर टेकून शहराकडे नाही, त्यांच्याकडेच पाहत राहिली. असं बोलताना तो तिला फार आवडायचा.

तेवढ्यात कठडा हलला.

"एक मिनिट हं," म्हणत आदर्शरावांनी तक्रार करायला फोन काढला. त्या मिनिटात मनोऱ्यावर तीन सहली येऊन गेल्या.

मग तेच चालू झालं. "हे बघ, केवढा सुंदर चौक!" असं म्हणायचं आणि त्या सुंदर चौकात त्यांना उघडं गटार दिसायचं. "ही बघ, शहरातली सगळ्यात जुनी कमान," की कमानीला टेकवलेले पाइप. दुसऱ्याने शहराला नाव ठेवलं तर हा माणूस भांडायला उठणार, आणि स्वतः मात्र दर पन्नास पावलांवर नावं ठेवणार! दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्याकाठच्या बाकावर बायको दोन आइस्क्रीम घेऊन बसली होती. एक तिचं, संपत आलेलं. दुसरं आदर्शरावांचं, तिच्या मनगटावरून कोपराकडे निघालेलं. आदर्शराव खांबाखाली उभे राहून विद्युत विभागाशी बोलत होते.

"भर दुपारी दिवा जळतोय तळ्याजवळ!"

"साहेब, तुम्ही तर बाहेरगावी ना?"

"मी शहर पाहायला आलोय."

"मग तळ्याजवळचा दिवा तिकडून दिसतोय तुम्हाला?"

"स्पष्ट दिसतोय!"

"कमाल आहे. आम्हाला इथून दिसत नाही."

यावर आदर्शराव जे ओरडले ते तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं. पलीकडे सासूबाई आणि सासरे फिरायला आले होते.

"अगं बाई! विमान चुकलं का?" सासूबाई धावतच आल्या.

"नाही गं आई."

"मग भांडलात?"

"अजून नाही," बायको कोपर पुसत म्हणाली.

सासऱ्यांनी घामाने भिजलेल्या जावयाकडे शांतपणे पाहिलं. "वारा बोचरा आहे का हो?"

सगळं ऐकल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांना हाताला धरून घराकडे वळवलं. (त्यांनी नवव्या शहराबद्दल अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. आता लिफ्टमध्ये कुणी भेटू नये म्हणून बरेच दिवस जिन्याने जायची पाळी त्यांच्यावर होती.) ते दोघे गेले तसे आदर्शराव बाकावर येऊन बसले.

"मला नववंच शहर हवं होतं असं नाही," बायको म्हणाली. "नव्वदावं चाललं असतं. पुस्तकात नसलेलंही चाललं असतं. फक्त तिथला एकही दिवा तुझ्या ओळखीचा नको होता. दिवसभर मी लोकांना ऐकू यावं म्हणून खपते. तुझे कान उत्तम आहेत रे, मी स्वतः तपासलेत. पण मी बोलायला लागते तेव्हा ते फोनला लागलेले असतात."

आयुष्यात पहिल्यांदाच आदर्शरावांनी फोन बंद केला आणि आपल्या रुमालाने तिचं मनगट पुसलं. आइस्क्रीम वाळून चिकट झालं होतं. निघेपर्यंत ते पुसत राहिले.

"चल," ते म्हणाले. "जी बस आधी सुटेल ती."

बस जिथे थांबली ते गाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एक चौक, एक नदी, एक चहाचं दुकान. तिथे बसून बायकोने त्यांना एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट सांगितली. यंत्र लावल्यावर त्याला म्हणे कित्येक वर्षांनी आपल्याच कात्रीचा आवाज ऐकू आला, आणि तो दुकानभर नुसती हवा कापत फिरला.

"मग?" आदर्शरावांनी विचारलं. ती सांगत गेली. त्यांनी पुन्हा विचारलं, "मग?" चौकातला नळ ठिबकत होता. त्यांची मान तिकडे वळली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरावी तशी परत आणली. बायकोने ते पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी जवळ ओढली.

"पाहुणे कुठले?" चहावाल्याने विचारलं.

आदर्शरावांनी छाती फुगवून शहराचं नाव सांगितलं.

"वा! मागेच येऊन गेलो. झकास शहर. फक्त बाजारात आमची बस अडकली. जाड भिंगांचा एक चष्मेवाला रस्त्याच्या मधोमध ओणवा, टेप लावून खड्डा मोजतोय! ड्रायव्हर हॉर्न देतोय, हा म्हणतो, थांबा, अजून खोली राहिली. शेवटी मी खाली उतरून टेपचं दुसरं टोक धरलं, तेव्हा सुटलो."

"अगं बाई," बायको म्हणाली. "बायको होती का हो त्याच्याबरोबर?"

"नव्हती ना! तेच वाईट वाटलं. बसली असेल बिचारी कुठेतरी वाट बघत."

चहावाला कप घ्यायला वळला तेवढ्यात आदर्शरावांनी हळूच चष्मा काढून खिशात टाकला, आणि गावाबाहेर पडेपर्यंत पुन्हा लावायची त्यांची छाती झाली नाही. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नाही. त्यामुळे तो नदीकाठ, ते घाट, ते सगळं गाव त्यांनी बायकोचा हात घट्ट धरून पाहिलं.

जगातलं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण कुठलं, असं विचारलं की ते आता बेधडक त्याच गावाचं नाव सांगतात. तिथे काय काय पाहिलं, असं कोणी पुढे विचारलं, की मात्र बायकोकडे बघतात.