बारा तेवढे बरोबर

मला सांगा, विश्वास ठेवावा तर कुणावर? 'मला सगळं कळतं' म्हणणाऱ्यावर, की 'मला यातलं काही कळत नाही' म्हणणाऱ्यावर? आमचे रंगकाका तीस वर्षं रंगाच्या दुकानात बसलेत. त्यांचा अनुभव असा, की 'मला कळतं' म्हणणारं गिऱ्हाईक हमखास दुसऱ्या दिवशी डबा बदलून मागायला येतं. एवढं शहाणपण गाठीशी असलेला माणूस, पण होणाऱ्या सुनेची पहिली भेट झाली आणि घसरला.

सून गणिताची शिक्षिका. तिनं आपलं सहज विचारलं, "तुम्हाला गणित आवडतं का हो?"

"आवडतं?" काका म्हणाले. "अगं, गणित म्हणजे आमचा श्वास!"

(शाळा सातवीत सुटली होती. पुढचं सगळं गणित काका रंगाच्या डब्यांवर शिकले होते.)

त्या एका वाक्यानं घात केला. सून घरी आली आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर एक कोडं येऊ लागलं. काका कप घेऊन उठायचे, "छान आहे हं, विचार करतो," म्हणायचे आणि बागेला पाणी घालायला गॅलरीत जायचे. बाग म्हणजे दोन कुंड्या. तीन महिन्यांत दोन्ही झाडं पाणी पिऊन पिऊन मेली.

कोडी आधी अवघड होत गेली आणि मग बंद झाली. त्यांच्यामागोमाग बोलणंही आटलं. "जेवलात, बाबा?" "जेवलो." एवढ्यावर दिवस भागायचा. काकू जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा कंपनीच्या कामानं आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. घरात उरायचे हे दोघं आणि फ्रिजची घरघर.

एका सोमवारी मुलाचा फोन आला. "बाबा, तिला दुसऱ्या गावच्या शाळेचं पत्र आलंय. राहायला जागापण देतायत. शनिवारपर्यंत कळवायचंय."

"पगार जास्त आहे?"

"नाही हो, इथल्याएवढाच."

"मग कशाला जायचं?"

"इथे तिला बोलायला कुणी नाही, बाबा."

काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला पांढऱ्याऐवजी काळा रंग दिला. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द तोंडातून निघणं कठीण. त्यापेक्षा एखादी वस्तू द्यावी, वस्तूच काय ते बोलेल, हा दुकानदारांचा जुना समज. आणि नेमकी समोरच्या घड्याळवाल्याच्या काचेत ती वस्तू दिसली. भिंतीवर लावायचं घड्याळ. मध्ये यंत्र आणि काटे, आणि आकड्यांच्या जागी भिंतीवरच चिकटवायच्या बारा सुट्या पाट्या. पाट्यांवर साधे आकडे नव्हते, गणितं होती. प्रत्येक गणिताचं उत्तर म्हणजे एक तास.

"गणितवेड्यांसाठी खास आहे," घड्याळवाला म्हणाला. "तुम्हाला कळतं ना यातलं?"

"मला?" काका हसले. (सवय, दुसरं काय.)

पाट्या कशा लावायच्या याचा कागद पेटीत होता. पण कागद वाचणं काकांच्या धंद्यात बसत नाही. 'कागद कसले वाचता, मला विचारा,' असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. त्यांनी दुकानातला सगळ्यांत जहाल गोंद काढला आणि धरतो की नाही ते बघायला थोडा त्या कागदालाच लावून कागद गल्ल्यावर दाबला. गोंद उत्तम होता. कागद आजही गल्ल्यावर आहे, उपडा.

मग दुकानाच्या हिशेबनिसाला बोलावणं गेलं. चष्मा कपाळावर चढवून त्यानं एक पाटी उचलली. त्या पाटीवर तीन, आणि पुढे उद्गारचिन्ह.

"हे तीनच, शेठ. फक्त जरा जोरात म्हणायचे."

"आणि हे? पाचाच्या डोक्यावर बारीक शून्य?"

"पन्नास. शेजारी जागा नव्हती, म्हणून शून्य वर बसवलंय."

"अहो, घड्याळात पन्नास कुठून आले?"

"मिनिटं नसतात का घड्याळात? पन्नास मिनिटं म्हणजे दहाची जागा."

काकांना हे पटलं. (इतक्या ठामपणे सांगितलेलं काहीही त्यांना पटतं.) त्याच न्यायानं दोनाच्या डोक्यावरचा तीन म्हणजे तेवीस ठरला. तेवीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाचाची जागा.

"आणि हे छप्पर घातलेले आकडे?"

"छप्पर शोभेचं," हिशेबनीस म्हणाला. "आकडा बघा आणि ओळीत लावा. एकशे चव्वेचाळीस सगळ्यांत मोठा, तो बाराला. एक्याऐंशी त्याच्या खालचा, तो अकराला. आणि हा छपराखालचा चार चारालाच."

दुसऱ्या दिवशी सून शाळेत असताना काकांनी स्टुलावर चढून जेवणाच्या खोलीत घड्याळ लावलं. प्रत्येक पाटीला भरपूर गोंद, वर अंगठ्यानं साठ आकडे मोजून दाब. मग इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसले.

पाच वाजता सून आली. पिशवी खांद्यावरच राहिली. तिनं घड्याळाकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"बाबा, हे तुम्ही लावलंत?"

"मग! एकेक पाटी विचार करून लावलीय."

"विचार करून," ती हळूच म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

काका खूश. आनंद मावत नाही, म्हणून पोरगी आत गेली असेल. पण थोड्या वेळानं दाराआडून मुसमुसणं ऐकू आलं. त्यांनी हिशेबनिसाला फोन लावला.

"अहो, ती रडतेय!"

"मग एखादी पाटी चुकली असेल, शेठ."

"तुम्ही तर म्हणालात सगळं बरोबर आहे!"

"मी आपलं माझ्या मनाला वाटलं ते सांगितलं."

काका पुन्हा स्टुलावर चढले आणि भिंतीच्या भेगांत लांबी भरायची पत्र्याची पट्टी पाटीखाली घालून जोर लावला. पाटी निघाली. तिच्याबरोबर बशीएवढा भिंतीचा तुकडाही निघाला. शेजारच्या पाटीचंही तेच झालं. आवाज ऐकून सून बाहेर आली, तर सासरे स्टुलावर, दोन्ही हातांत भिंत, डोक्यावर पांढरी धूळ.

"राहू द्या, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "मला कळलं. माझी कोडी तुम्हाला पोरकट वाटतात. तोंडावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं, अशी थट्टा कशाला?"

"थट्टा? कुणी केली थट्टा?"

"एवढं गणित येणारा माणूस सगळं घड्याळ उगीच का चुकीचं लावेल? मी शाळेत मधल्या सुटीत बसून तुमच्यासाठी अवघडातली अवघड कोडी शोधायची, आणि तुम्ही उत्तर न देता उठून जायचात. म्हटलं, बाबांना कंटाळा येतो माझा."

काकांनी हातातली भिंत टेबलावर ठेवली. स्टुलावरून उतरायचं भानही त्यांना राहिलं नाही.

"बाळ, मला काही येत नाही गं."

"काय?"

"गणित. छप्पर म्हणजे काय ते ठाऊक नाही. सातवीत शाळा सुटली. तुला म्हटलं श्वास आहे, ते नुसतं तुझ्यापुढे बरं दिसावं म्हणून. कोडं आलं की मी कुंड्यांकडे पळायचो. दोन झाडं मेली गं त्यापायी."

सून खुर्ची ओढून बसली आणि हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली, पुन्हा हसली.

"उतरा आधी. मला सांगा, चारही बाजू सारख्या असलेली भिंत आहे, एकशे चव्वेचाळीस चौरस फुटांची. एक बाजू किती?"

"बारा फूट," काका धूळ झटकत म्हणाले. "साध्या रंगाचे दोन हात म्हटले तर..."

"झालं! छपराचा अर्थ तोच, वर्गमूळ. एक्याऐंशीची भिंत?"

"नऊ बाय नऊ."

"मग ती पाटी अकराला का लावलीत?"

"भिंत आहे असं कुणी सांगितलंच नाही ना!"

बाकीच्या पाट्या निघणं शक्य नव्हतं. तो गोंद काकांच्याच दुकानातला. तेव्हा सुनेनं दुसरी तोड काढली. ती सांगत गेली आणि काका बारीक ब्रशनं पाट्यांपुढे रंगवत गेले. अकराच्या जागी बसलेल्या नवापुढे 'अधिक दोन'. जोरात म्हणायचे तीन प्रत्यक्षात तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे सहा निघाले, त्यांच्यापुढे 'भागिले दोन'. पाचाच्या जागचे 'तेवीस' म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ निघाले, त्यांच्यातून तीन वजा. दहाच्या जागचे 'पन्नास' म्हणजे पाचाचा शून्यावा घात, तो तर नुसता एक होता, त्याला नऊ जोडावे लागले. चाराच्या जागी दोन निघाले, त्यांची दुप्पट केली. बाराला मात्र ब्रश लावावा लागला नाही. तेवढे बरोबर होते.

"ते पत्र," काका ब्रश धुता धुता, तिच्याकडे न बघता म्हणाले. "कळवलंस का?"

"उद्या कळवते. नाही म्हणून."

"माझ्यासाठी नको हं..."

"तुमच्यासाठी कोण म्हणतंय? चार पाट्या दुरुस्त करायच्या राहिल्यात. आणि निघालेल्या दोन पाट्यांपैकी सातची जागा तुमच्याकडे. तिथे तुम्ही स्वतः गणित करून लिहायचं. मी सांगणार नाही."

काकांनी चार दिवस घेतले. दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून पुठ्ठ्यावर आकडेमोड केली. शेवटी जमलं: तीन, उद्गारचिन्ह, अधिक एक. सहा आणि एक सात! भिंतीची भोकं त्यांनी लांबीनं अशी बुजवली, की शोधून सापडू नयेत, आणि वर चकचकीत निळ्या रंगात उत्तर लिहिलं. मग सुनेला बोलावलं.

तिनं पाहिलं. मान डोलावली. "गणित अगदी बरोबर आहे, बाबा."

काकांची छाती फुगली. सुनेनं मग हळूच त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि त्या सातापुढे आणखी एक 'अधिक एक' रंगवला. काकांनी ते आठाच्या जागी लिहिलं होतं.

सातची जागा अजून रिकामी आहे. तेव्हा मंडळी, एवढंच मागणं: हिशोब चोख ठेवा. आपल्याला येतं ते एका पानावर, येत नाही ते दुसऱ्या. आणि दुसरं पान पहिल्याआधी भरलं, तरी वही घरच्यांपासून लपवू नका.