चार बोटं आणि टक्

माणसाची सगळी संस्कृती तो झाकण कसं लावतो यात असते, असं चंद्रप्रकाश कर्णिकांचं ठाम मत होतं आणि मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत ते बहुतेकांना पाठ झालं होतं. घरातली तुपाची बरणी मात्र त्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही झाकली नव्हती. तुपातल्या मुंग्या ही त्यांच्या मते पत्नी नलिनीबाईंच्या माहेरची देणगी होती.

या मताचं मूळ होतं गाडीत. कर्णिकांचं नळ-बेसिनांचं दुकान. जप्त मालाच्या लिलावात त्यांनी एक लाल परदेशी स्पोर्ट्स कार उचलली. दारं दोन, बसणं जमिनीवर मांडी घातल्यासारखं, इंजिन मागे आणि डिकी पुढे. मुलुंडच्या खड्ड्यांतून ती ताशी वीसच्या वर गेली नाही, त्यामुळे चारचौघांना दाखवण्यासारखं उरलं ते डिकीचं झाकण. ते आपटायचं नाही. चार बोटांची फट राहील असं अलगद टेकवायचं, मग कुलपाच्या वर दोन्ही तळवे ठेवून दाबायचं. 'टक्' आवाज आला पाहिजे. 'धाड' आला तर ड्रायव्हर घरी.

ड्रायव्हर होता सहदेव परब. लालबागच्या गिरणीत त्याने सोळा वर्षं दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. मग संप झाला, संपाचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही, आणि सहदेव चाळिशीत मोटार शिकला. कर्णिकांनी त्याला महिनाभर कच्चा ठेवला होता. दसऱ्याला पक्का करतो म्हणाले होते. तोवर रोज सकाळी दहा वेळा उघड, दहा वेळा लाव. त्याची बायको सुलक्षणा रोज विचारायची, "झाकण लावूक महिनो लागता?" तो सांगायचा, साच्यावर हात बसायला तीन महिने लागले होते. पण तिथे निदान शेवटी कापड निघायचं, हे तो सांगत नसे.

दसऱ्याच्या दिवशी सहदेव धुतलेला सदरा घालून आला. काखेत रुमालात गुंडाळलेला धोटा होता, साच्यावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा. गिरणीतून त्याने बाहेर आणलेली ती एकच वस्तू. दर दसऱ्याला गिरणीत साच्यांना झेंडूच्या माळा असत, धोट्याला कुंकू लागे. संपानंतरचा हा तिसरा दसरा. आधीचे दोन धोटा फळीवरच बसून होता. आज यंत्राची पूजा आहे, तर दुसऱ्याच्या यंत्राशेजारी का होईना, दोन बोटं कुंकू लागेल, एवढाच त्याचा हिशेब.

पूजेचं तबक घेऊन नलिनीबाई खाली आल्या. सहदेवने मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"पाठीमागून कोण ओवाळतं रे? गणपतीला हार काय शेपटीकडून घालतात?"

इंजिन तिथेच असतं, असं सहदेवने सांगून पाहिलं. असेना का, बाई म्हणाल्या, पूजा तोंडाची. मग पुढची डिकी उघडली गेली. आत स्टेपनी आडवी होती. तिच्यावर तांब्याचा कलश मांडला, आंब्याची पानं लावली, वर शेंडीचा नारळ उभा केला. सहदेवने हळूच धोटा शेजारी ठेवला, बाईंनी न विचारता त्यालाही कुंकू लावलं. त्या क्षणी तो जवळजवळ पक्का झाला होता. "उत्तरपूजा संध्याकाळी," बाईंनी बजावलं, "तोवर कलश हलवायचा नाही," आणि आपट्याची पानं आणायला वर गेल्या.

तेवढ्यात कर्णिक खाली उतरले. सोबत शेजारचे श्यामसुंदर. बेत सीमोल्लंघनाचा होता, म्हणजे चेकनाका ओलांडून ठाण्यात पाय ठेवायचा आणि परत फिरायचं. झाकण उघडं पाहून कर्णिकांना प्रात्यक्षिकाची संधी दिसली.

"लाव, सहदेव."

सहदेवने झाकण खाली आणलं. बरोबर चार बोटांवर ते नारळाच्या शेंडीला टेकलं आणि थांबलं.

"बघा, श्यामसुंदर," कर्णिक म्हणाले, "हात सोडला तरी चार बोटं. याला म्हणतात तयारी. दाब आता."

सहदेव दाबेना. "साहेब, आत..."

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे. जॅक, स्टेपनी, पाने. गाडी माझी आहे. महिनाभर शिकवलं आणि ऐन वेळी हात थरथरतो तुझा. सरक."

त्यांनी दोन्ही तळवे कुलपाच्या वर ठेवले आणि बत्तीस वर्षांच्या संसाराचा भार त्यावर टाकला. आतून काहीतरी कुरकुरलं. मग आवाज आला, 'टक्'. इतका सुरेख टक् महिनाभरात आला नव्हता. झाकणाच्या मधोमध मात्र एक टेंगूळ उभं राहिलं, आणि गाडीच्या तोंडातून पाणी ठिबकू लागलं.

"रेडिएटर गेला वाटतं तुमचा," श्यामसुंदर म्हणाले.

"या गाडीला पुढे रेडिएटर नसतो," कर्णिक अभिमानाने म्हणाले, आणि मग किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली फिरली, झाकण उघडलं नाही. कर्णिकांनी ओढलं, श्यामसुंदरांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. ते शिकवल्याप्रमाणे नीट लागलं होतं.

फटीतून डोकावणारं आंब्याचं पान पाहून कर्णिकांनी विचारलं, "आत पूजा आहे हे तुला माहीत होतं?"

"हो, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"'आत' म्हणालो होतो, साहेब."

"पुढे?"

"पुढे तुम्ही बोललात."

श्यामसुंदरांना खोकला आला. त्या खोकल्याने सहदेवचं नशीब ठरलं. चारचौघांत उलट बोलणारा आणि साधं झाकण लावू न शकणारा ड्रायव्हर आपल्याला परवडत नाही, असं कर्णिकांनी शांतपणे सांगितलं. सणाचा दिवस असल्याने ते ओरडले नाहीत.

सहदेवने सदरा नीट केला. त्याने धोट्याबद्दल विचारलं. "मिस्त्री येईल तेव्हा बघू," कर्णिक म्हणाले. मिस्त्री कधी येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. तसल्या गाडीचा मिस्त्री मुलुंडात नव्हता. सहदेवने टेंगळाशेजारी, जिथे खाली धोटा असावा असं वाटलं, तिथे हात टेकवला, तो कपाळाला लावला आणि फाटकाकडे वळला.

वरच्या गॅलरीतून नलिनीबाई वाकल्या. त्यांनी टेंगूळ पाहिलं, ठिबकणारं पाणी पाहिलं. कलश काही हलला नाही ना, एवढं त्यांनी विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

"सहदेव, निघालास का? जाता जाता जरा वर येऊन जा रे. तुपाच्या बरणीचं झाकण तेवढं लावून दे."