जिजाअक्का ग्रुपवर गातात

आमच्या कॉलनीतल्या जिजाअक्का व्हॉट्सअॅपवर लिहीत नाहीत, गातात. आणि गातात त्या शिव्या.

दचकू नका. खान्देशातल्या लग्नात जेवला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल. व्याह्यांची पंगत बसली की मुलीकडच्या बाया त्यांच्या नावानं शिव्यांची गाणी म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. कुणाची ढेरी, कुणाचा कंजूषपणा, कुणाची बाटली, सगळं चव्हाट्यावर! नियम एकच, ज्याचं नाव आलं त्यानं हसायचं. जो रुसला त्याला आणखी एक कडवं. सोनगीरच्या माहेरापासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत अक्कांना या कामाची बोलावणी यायची. आता लग्नं लॉनवर होतात, तिथे डीजे असतो, अक्कांना कोण विचारतो? पण मुलानं स्मार्टफोन घेऊन दिला आणि अक्कांना पंगत पुन्हा मिळाली.

गॅसचं सिलिंडर उशिरा आलं, एजन्सीला गाणं. लॉटरी लागल्याचा फोन करणाऱ्या भामट्याला गाणं. तो म्हणे शेवटी हसत "माताजी, और सुनाओ" म्हणाला. पुण्याच्या विहीणबाईंनी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं, तेव्हा अक्कांनी रीतीप्रमाणे त्यांच्या लिपस्टिकवर दोन कडवी रवाना केली. पुण्यात ती रीत नाही. मुलानं आईला फॅमिली ग्रुपमधून काढून टाकलं. अक्का म्हणाल्या, "जाऊ दे वं माय. त्यासले ताल समजत नही."

आता आमच्या कॉलनीच्या ग्रुपबद्दल सांगते. त्याचे ॲडमिन म्हणजे आमचे हे. 'वाद नको' एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन हा माणूस जन्माला आला आहे. माझ्याशी लग्न करून ते कसं टिकलं, देव जाणे.

समोरची पल्लवी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिची अभ्यासिका पांझरा नदीच्या पलीकडे. एका संध्याकाळी तिनं ग्रुपवर लिहिलं, "पुलावरून येताना दोन मुलं रोज बाईक हळू करून मागे लागतात. घाण बोलतात. तिथला दिवाही बंद आहे. मला भीती वाटते. कुणी काही करू शकेल का?"

सरळ विचारलं होतं पोरीनं. पहिलं उत्तर आलं, "शुभ संध्याकाळ". मग आमच्या गल्लीचे शरदभाऊ अवतरले. त्यांच्या डीपीवर वाघ आहे. त्यांनी लिहिलं, "दिवेलागणीनंतर मुलींनी बाहेर राहायचंच कशाला? आणि सगळे पुरुष तसे नसतात." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी मोबाइलला दोष दिला, कुणी जीन्सला. एकानं तर विचारलं, "नक्की काय बोलतात ते सविस्तर लिही." मेल्याला सविस्तर हवं होतं!

आणि बायका? बायकांनीही लिहिलं, पण पल्लवीला एकटीला, खासगीत. "खरं बोललीस गं. माझ्याही मागे लागले होते. पण ग्रुपवर नको, हे वाचतात." पुरुषांचं सगळं मांडवात आणि बायकांचं मोरीमागे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन उचलून शरदभाऊंना चांगलं लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, तर यांनी ग्रुपला कुलूप घातलं. आता फक्त ॲडमिन बोलणार! म्हणजे हे. आणि यांनी काय लिहिलं? "कृपया वाद नको." पुढे हात जोडलेले.

थोड्या वेळानं पल्लवीची आई डोळे पुसत आली. पल्लवीच्या वडिलांनी, सुरेशभाऊंनी निकाल दिला होता. उद्यापासून अभ्यासिका बंद. घरी दोन खोल्या, त्यात धाकटी भावंडं, टीव्ही. तिथे कसला अभ्यास आणि कसली परीक्षा? पोरीचं वर्ष गेलंच म्हणायचं.

अक्का आमच्याकडेच बसल्या होत्या, भरताची वांगी निवडत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं वांगं खाली ठेवलं आणि यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"उघाड."

"काय, अक्का?"

"तुना तो ग्रुप. उघाड भो, नही तं पहिलं गानं तुनंच."

यांनी उघडला. वाद नको ना!

अक्कांनी पदर खोचला, फोन भाकरीसारखा तळहातावर धरला आणि सूर लावला:

"वाघ डीपीवरना, भाऊ, वाघ डीपीवरना,
पाल दखी न्हानीमा नि अंगनमा पळना!
पोरीसले सांगस भाऊ, दिवा लागे घर या,
तुना आंडोर चौकमा शे, त्याले बी सांगी या!"

पाल बघून भाऊ न्हाणीतून अंगणात पळाल्याची बातमी खुद्द शरदभाऊंच्या बायकोनं, मंदावहिनींनी, पिठाच्या गिरणीत दिली होती. आणि त्यांचा आंडोर, म्हणजे चिरंजीव, चौकात मोटारसायकलीवर बसून काय करतो ते सगळं देवपूर बघतं.

सगळ्यांनी ऐकलेलं दिसत होतं, ओळ मात्र कुणी झेलली नव्हती. अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वं माय, वळ झेलशी का नही?"

माझा आवाज म्हणजे फुटकी घागर. पण टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नसते. मी यांच्या डोळ्यांत डोळे घालून गायले, "वाघ डीपीवरना, भाऊ, वाघ डीपीवरना!" आणि पाठवून दिलं.

मग एकेक आवाज यायला लागला. एकीच्या मागे कुकरची शिट्टी, एकीच्या मागे रडणारं पोर. ज्या खासगीत कुजबुजत होत्या त्या सगळ्या उघड्यावर आल्या. शेवटी एक बारीक, हसू दाबणारा आवाज आला, "अंगनमा पळना, बाई, अंगनमा पळना!" मंदावहिनी! मी तर टाळ्याच पिटल्या.

शरदभाऊंनी लिहिलं, "ही काय भाषा? ग्रुपला काही मर्यादा?"

अक्का फोनमध्ये गोड आवाजात म्हणाल्या, "रुसना का भो? मंग आखो एक कडवं आयकी ले."

शरदभाऊंनी ताबडतोब हसरा चेहरा पाठवला. अगदी दात दाखवणारा.

तेवढ्यावर थांबतील त्या अक्का कसल्या? तशाच उठून सुरेशभाऊंच्या दारात गेल्या. ते म्हणाले, "अक्का, काळजीपोटी करतोय हो. पोरीची जात आहे."

"कुत्रं भुकस म्हनीसन पोरले बांधस का?" अक्का कडाडल्या. "कुत्राले बांध! पोर जाई. तू आडा उना तं तुनं बी गानं तयार शे."

पल्लवी दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत गेली. शरदभाऊंनी महापालिकेत खेटे घालून पुलावरचा दिवा लावून घेतला आणि त्याखाली स्वतःचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. वाघच शेवटी! बाईकवाले कमी झाले. संपले म्हणणार नाही.

परवा संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर पुलाच्या अलीकडे भाजीच्या गाडीपाशी अक्का उभ्या. पिशवी रिकामी. भाजीवाला मला म्हणाला, "रोज येतात. मेथी उलटीपालटी करतात, घेत काही नाहीत."

एक मोटारसायकल भर्रकन जवळून गेली. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला.

"अक्का, तुम्ही? तुम्ही घाबरता?"

"भ्याव तं लागसच, माय. फोनवर गाले काय जास?"

"मग इथे कशाला उभ्या राहता? पल्लवीला माहीत आहे?"

"तिले नको सांगू. तिले वाटी, म्हतारी राखन करस." त्या पुलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मना घर आते कोन येस वं? आंडोर पुनाले. सांज व्हयनी का घर खावाले उठस. माले कोनी वाट दखानी ऱ्हायनी तं जीवले बरं वाटस."

मीही पिशवी पुढे करून मेथी चाळायला लागले. पलीकडच्या टोकाला दिव्याखाली पाठीवर दप्तर घेतलेली पोरगी येताना दिसली. मान वर, चाल सरळ.

अक्कांनी चटकन तोंड भाजीकडे फिरवलं आणि माझा दंड सोडला.

"उनी," त्या पुटपुटल्या. "उनी वं मनी माय."