दुसऱ्याची झोप

दाऊदचाचा गादी आधी कानाने बघतात. दुकानात असो, टेम्पोत असो नाहीतर माझ्या तंबूत असो, गादी दिसली की गुडघे टेकायचे, टोपी काढून खिशात घालायची आणि कान लावायचा. मग एक मूठ मारायची आणि पुन्हा ऐकायचं. "बोलता," असं म्हणाले की गादी बाद. गादीने बोलायचं नसतं, हा त्यांचा कायदा.

हा माणूस माझा शेजारी. मालवणच्या पुढे किनाऱ्यावर, सुरूच्या बनात माझे पर्यटकांसाठीचे तंबू आहेत आणि कुंपणापलीकडे चाचांचं घर. उभी हयात मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढली, आता एकटेच असतात. मी जेटीवर शहाळी विकून वर आलो. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुठली वस्तू सांगितलेल्या भावाने घेतलेली नाही. अशा माझ्या हातातला उत्तम सौदा या चाचांनी एका वाक्यात बुडवला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

गेल्या मोसमात पाहुण्यांनी समुद्राची तारीफ केली, माझ्या बायकोच्या सोलकढीची केली आणि जाताना कंबर धरून गेले. वाळू मऊ असते हा शहरातल्या लोकांचा समज. चटई टाकून तासभर पडा, अंगाखाली फरशी होते. दिवाळीच्या सुट्टीआधी तंबूत धड बिछाने आले नाहीत तर माझे पाहुणे खाडीपलीकडच्या तंबूवाल्याकडे जाणार, हे मला दिसत होतं. मी व्यापाऱ्यांना नमुने घेऊन बोलावलं. चाचा न बोलावता आले.

पहिली आली ती हवेची गादी. चाचांनी कान लावला.

"बोलता."

"चाचानूं, हवा भरलेली आसा. थोडी करकरतलीच."

"उगी रव. मी झोपतंय. तू दुसऱ्या बाजूक बस."

मी बसलो.

"आता उठ."

माझं वजन काही लपण्यासारखं नाही. मी उठलो, गादी उसळली आणि चाचा घरंगळत जाऊन तंबूच्या कापडाला थडकले. तिथूनच म्हणाले, "होडयेत बरी. आणि पहाटे गारवो पडलो की हवा आकसतली, माणूस खाली जमनीर. नको."

मग आली लोखंडी नळ्यांची घडीची खाट. मी बसलो, तसे माझ्या बाजूचे पाय वाळूत रुतले आणि चाचा माझ्या मांडीवर आले. मी पायांखाली फळ्या घातल्या, तर आता कापड मधोमध झोळीसारखं लोंबलं. नको. मग स्पंजाची गादी. ती बोलली नाही, तेव्हा चाचांनी तिचा वास घेतला. "खारो वारो पितली आणि कुजतली." तरीही झोपून पाहिलंच. मी उठलो तशी स्पंजातून एक लाट गेली. नको!

"तुमी सगळ्याकच 'नको' म्हटल्यार पाव्हणे खंय झोपतले? माझ्या डोक्यार?" मी एकदा ओरडलोच.

चाचा शांत. "झोपणाऱ्याक काय इचारतंस? तेका सगळाच बरा लागता. दुसऱ्याक इचार."

हे त्यांचं पालुपद. चाचा समुद्राच्या बाजूच्या अगदी कडेला, पाय जुळवून, शवासारखे पडणार. बाकीची गादी मोकळी. त्या मोकळ्या बाजूवर मी बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. कुंपणापाशी मासे घेऊन येणारी सुलभाकाकी टोपली खाली ठेवून बघत राहायची. "काय रे बाबल्या, शाळेत मास्तरांनी काढून घेतलेल्यो उठाबश्यो कमी पडल्यो काय?"

आणि चाचांना चैन नाही. गादीवर पडले की थोड्या वेळाने दचकून उठायचे, पाण्यापर्यंत चालत जायचे, क्षितिजाकडे बघायचे आणि परत यायचे. जहाजावरच्या पहाऱ्याची पाळी अंगात भिनलेली. घरी तर झोपच लागत नाही म्हणे. दुपारी माझ्याच तंबूत नमुन्याच्या गाद्यांवर पडलेले असायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तपासतंय."

पण एक सांगतो, चाचांच्या 'नको'चा मला फायदा होत होता. पांढऱ्या दाढीचा, चार समुद्र पाहिलेला म्हातारा गादीवरून उठून मान हलवतो, तेव्हा व्यापाऱ्याचा भाव आपोआप घसरतो. कणकवलीचा एक व्यापारी तर माल टेम्पोत भरता भरता स्वतःहून भाव खाली आणत गेला. मी मनात म्हटलं, हे हुकमाचं पान आहे. योग्य वेळी टाकायचं.

ती वेळ शालनवहिनी घेऊन आल्या. पिंगुळीकडच्या. काथ्याच्या गाद्या करतात. त्यांनी लाकडी फळ्यांची बुटकी चौकट वाळूवर अशी ठेवली की रुतायला पायच नाहीत. वर दोन अरुंद गाद्या शेजारी शेजारी. काथ्याचा घट्ट थर, त्यावर कापसाचा पातळ थर आणि दोन्हींवर मिळून एकच गवसणी. बघताक्षणी मला कळलं, मला हवं होतं ते हेच. म्हणून मी तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ही गादी की जेटीचो कठडो?"

"हात लावून बघा मगे बोला."

"काथ्यो टोचतलो."

"तुमच्या जिभेपेक्षा कमी."

बाई तयारीची होती. तासभर आमचं चाललं. शेवटी ती भावात जराशी खाली आली. आता एकच धक्का हवा होता. मी चाचांना खूण केली. त्यांनी कान लावला. काही बोलले नाहीत. आडवे झाले. मी बसलो, उठलो. चाचा हलले नाहीत.

"परत," डोळे मिटून म्हणाले.

मी पुन्हा बसलो आणि मुद्दाम धाडकन उठलो. त्यांच्या दाढीचा केससुद्धा हलला नाही. मी वाट बघत होतो, एका 'नको'ची. वहिनीही बघत होत्या. चाचांनी डोळे उघडले.

"ह्येका गादी म्हणतत."

झालं! सौद्यात विकणाऱ्यासमोर मालाची स्तुती? जेटीवरचं शेंबडं पोरही ही चूक करत नाही. वहिनींनी पदर खोचला आणि आधीच्याच भावावर जाऊन बसल्या. मी भडकलो. "चाचानूं, तुमी माझे की तिचे? तुमका दुसऱ्याची इतकी काळजी कित्याक? घरात तर तुमी एकटे!"

चाचा उठून बसले. हात मोकळ्या बाजूवर ठेवला.

"जहाजारसून घराक येय, तरी पहाऱ्याक जाग येय, बाबल्या. भर काळोखात उठान पाण्यार जाय. आमची गादी जुनी, मध्ये खोल. मी उठलंय की माझी बायको हमीदा घरंगळा. दर खेपेक उठान चाय करी. माका वाटा, तिची झोपच हलकी. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरान इचारल्यान, झोप लागता मां? तर हसान म्हणाली, 'ह्ये जहाजार गेले की गाढ लागता.' मी दारात उभो होतंय."

वहिनींनी पदर सोडला. मी खिशात हात घातला आणि नोटा मोजायला लागलो. बाईंच्याच भावाने माल घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

पाहुणे खूश आहेत. दिवाळीपासून तंबू भरलेले असतात. कंबर धरून कोणी जात नाही. पण माझा राग कायम आहे, आणि तो मी चाचांना रोज ऐकवतो. ते रोज दुपारी शेवटच्या तंबूत 'तपासायला' येतात. समुद्राच्या बाजूच्या कडेला झोपतात. जाग आली की आधी पाय खाली, मग कोपरावर भार, मग हळूच अंग. इतकं हळू की उठेपर्यंत पाण्याची एखादी भरती व्हावी. उठल्यावर मोकळ्या बाजूची चादर सारखी करतात आणि चपला हातात घेऊन बाहेर पडतात.

पाहुणे विचारतात, "तो शेवटचा तंबू रिकामाच दिसतोय, आम्हाला द्या की." मी असा भाव सांगतो की त्यांचे डोळे पांढरे होतात. मग ते घासाघीस करतात. चांगली करतात, काही काही तर माझ्या तोडीची.

मी एक पैसा खाली उतरत नाही.